कॅसेटीतलं हसू

सोमवार, नौबाद

साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी; त्यांच्या बैठकीत कुणीतरी चोरून भरलेल्या कॅसेटी ते वारल्यावर कॉलेजच्या संग्रहात आल्या. मी इतिहास शिकवते, म्हणून शब्दन् शब्द उतरवायचं काम माझ्याकडं. आज हात थांबला. आमच्या बौद्ध वस्तीनं मागितलेल्या नळाबद्दल साहेब म्हणतात, "पाणी दिलं की ही लोकं माझ्या मागं कामून फिरतील?" आणि एकजण हसतो.

ते हसू अप्पांचं आहे. माझ्या बापाचं! जन्मभर साहेबांची जीप चालवली त्यांनी. नसेलही त्यांचं? की गाळूनच टाकू? कुणाला कळणार आहे?

राहवेना. संध्याकाळी त्यांनाच ऐकवलं. साहेबांचा आवाज आला तसे अप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. आणि हसले. तसंच, त्याच जागी. मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"कामून हसलात, अप्पा?"

"सवय हाय." मग खाली बसत म्हणाले, "लिव्ह माझं नाव. साहेबाचं लिव्हलीस न्हवं?"

लिहिलं. कंसात 'हसतात', पुढं अप्पांचं नाव.

अप्पा त्या बैठकीत हसले तेव्हा आई दुसऱ्या गल्लीतल्या हापशावर घागर घेऊन उभी असेल. ते कुठल्याच कॅसेटीत नाही.