घेणाराची सही

७ एप्रिल, सोमवार

आज बांधकाम खात्याच्या तिकटी सेक्शनला रुजू झालो. अनगोळहून सकाळी सहाला मोटरसायकल काढली, संकेश्वरला चहा घेतला आणि नऊच्या आत निपाणी ओलांडली. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, दारात चिंच, मागं डांबराची रिकामी पिंपं आणि एक जुना रोड रोलर. रोलरच्या छपराखाली साळुंकीनं घरटं केलंय. मला हे सगळं आवडलं. दोन वर्षं बेळगावात विभागीय कार्यालयात बसून फायली चाळल्या, आता निदान उघड्यावर तरी काम मिळालं.

ही वही लेकीनं, आरोहीनं दिली. पहिल्या पानावर तिनं स्वतःचं नाव घातलंय. नाव लिहायला आल्यापासून घरात एक कागद कोरा राहिलेला नाही. विजेचं बिल म्हणू नका, लग्नपत्रिका म्हणू नका, मोकळी रेघ दिसली की 'आरोही'. दोन जूनला ती पहिलीत जाणार. पहिल्या दिवशी शाळेत मीच सोडणार, असा शब्द देऊन आलोय. नेमणूक मेअखेरपर्यंतच आहे, त्यामुळं काळजी नाही. तिची आई नीलम म्हणाली, सरकारी काम आणि सहा महिने थांब. मी हसलो.

कलगोंडा अण्णांकडून चार्ज घेतला. ते इथं अकरा वर्षं होते, आता निवृत्त होऊन चिकोडीकडं शेतावर जाणार. त्यांनी खात्याची उतरंड मला नव्यानं सांगितली. बेंगळुरूत सचिव आणि मुख्य अभियंते, बेळगावात विभाग, त्याखाली उपविभाग, त्याखाली आपलं सेक्शन आणि सगळ्यांच्या तळाला मैलकुली. हल्ली कागदावर त्याला गँगमन म्हणतात. वरचे उंटावरून शेळ्या हाकतात, रस्ता सांभाळतो तो मैलकुली. गटार उपसायची, गवत कापायचं, झाडांना आणि दगडांना चुना लावायचा. एका किलोमीटरला एक माणूस. चार्ज देणाराची सही, घेणाराची सही, की देणारा सुटला. यादी न वाचताच मी सही केली. अण्णा चहालाही थांबले नाहीत.

१० एप्रिल, गुरुवार

सगळा रस्ता पायी बघितला. चौदा किलोमीटर, मैलकुली उरलेत दोन, बाकी जागा रिकाम्या. त्यामुळं तेराव्यापर्यंत रस्त्याची दशा झालीय. चौदावा मात्र दृष्ट लागावी असा. तिथं डांबराचा रंग बदलतो आणि आपलं राज्य संपतं. गवत कापलेलं, गटार साफ, आंब्यांच्या बुंध्यांना पांढरे पट्टे. मी एका बुंध्याला हात लावला तर चुना ओला. दुपारचा एक वाजला होता, सगळीकडं ऊन, माणूस एकही नाही.

शामूला विचारलं. तो दोघांतला थोरला. चौदाव्यावर कोण काम करतो म्हटल्यावर त्यानं कानावर हात ठेवले.

१६ एप्रिल, बुधवार

मस्टर माझ्या कपाटात असतं, किल्ली माझ्या खिशात. रोज सकाळी मी दोघांची हजेरी मांडतो. आज पहिल्यांदा नीट बघितलं. तिसरी ओळ आहे. मष्णू, किलोमीटर चौदा. रोज हजर. आजचीही हजेरी मी कपाट उघडायच्या आधीच लागलेली.

अण्णांना फोन केला. मष्णू एकोणीस वर्षांपूर्वी मे महिन्यात भाकरी खाऊन कामाला उठला आणि परत दिसला नाही, म्हणाले. पगार केव्हाच बंद झाला, नाव तेवढं राहिलं. ते काढायला कार्यमुक्तीचा कागद लागतो, त्यावर चौदाव्याचा चार्ज घेणारा कुणीतरी हवा. कोण घेणार? "काम हुतंय न्हवं? मग हुऊ दे की. हात लावू नगंस, नागेंद्रा," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला हे सगळं एखाद्या लबाडीसारखं वाटलं. कुणीतरी किल्ली करून घेतली असणार.

२५ एप्रिल, शुक्रवार

चौदाव्या दगडापाशी एक म्हातारी भेटली. धोंडूबाई, मष्णूची बायको. रोज दुपारी भाकरी आणून दगडावर ठेवते, दुसऱ्या दिवशी फडकं रिकामं मिळतं. कुत्री खात असतील, म्हटलं. कुत्री फडक्याची घडी घालत न्हाईत, म्हणाली. तो दिसतो का विचारलं. दिसत नाही, पण कण्हतो ते ऐकू येतं. "त्येला सोडा की, सायब. एकोणीस वर्सं झाली. लई थकलाय त्यो."

मी हो म्हणालो. त्या वेळी उन्हात तिच्यासमोर दुसरं काही बोलवेना.

३ मे, शनिवार

कार्यमुक्तीचा छापील कागद काढला. देणार: मष्णू. घेणाराची जागा मोकळी ठेवली तर उपविभागातून कागद परत येतो, हे मला पाठ आहे. म्हणून बेळगावात करायचो तेच केलं. तिथं स्वतःची सही ठोकली आणि पुढं 'तात्पुरता' लिहिलं. असे शंभर कागद निस्तरलेत. धोंडूबाई आक्कानं सांगितलं तसा दगडावर ठेवला, वर खडा.

५ मे, सोमवार

कागदावर देणाराच्या जागी अंगठा उठलाय. शाईचा नाही, चुन्याचा.

आक्का आली, हातात भाकरी नव्हती. म्हणाली, "काल दुपारी घरला आलता. पाय धुतलं, भिंतीला टेकला, तांब्याभर पानी प्याला. आन सुटला." तिनं माझ्या पायाला हात लावला. मला भरून आलं. नोकरीत पहिल्यांदाच माझ्या सहीनं कुणाचं तरी भलं झालं असं वाटलं.

मस्टरमध्ये तिसरी ओळ कोरी आहे. खाडाखोडसुद्धा नाही.

९ मे, शुक्रवार

जेवून टेबलावर डोकं टेकलं. जाग आली तर साडेचार. पाठ मोडून आलेली, नखांत चुना, उजव्या तळहातावर फोड. आमच्या खानापूरकडं मी लहानपणापासून भात कापलंय, विळ्याचे फोड मला ओळखू येतात.

चौदाव्यावर जाऊन आलो. डाव्या बाजूचं गवत कापलेलं.

१३ मे, मंगळवार

तिसऱ्या ओळीत नाव आहे. माझं. अक्षरही माझंच. आज तेरा तारीख आणि हजेरी महिनाअखेरपर्यंत भरलेली. पान उलटलं. जूनही भरलेला आहे.

अण्णांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, घेणारा म्हणून कुणाची सही केलीस. सांगितलं. अण्णा म्हणाले, "अकरा वर्सं मी ती सही टाळली. तुला म्हैना न्हाय निघाला व्हय रं?" सुटायचं कसं, विचारलं. मष्णू सुटला तसं, म्हणाले. दुसऱ्या कुणाची तरी सही.

मला फार भीती वाटते. दोन जूनला वीस दिवस आहेत.

१८ मे, रविवार

अनगोळला निघालो. निपाणी गेली, संकेश्वर आलं. तिथं चहा सांगितला. कप उचलला तर हातात चुन्याची बादली. समोर चौदावा दगड.

तीनदा निघालो. तीनदा तेच.

२२ मे

शामू ऑफिसात आला. माझ्या खुर्चीकडं बघितलं आणि दुसऱ्या मैलकुलीला, रवळूला म्हणाला, सायब आज बी न्हाईत. मी खुर्चीतच होतो. टेबलावर हात आपटला. दोघांनी मान वर केली नाही.

पंख्याखाली घाम येतो. झोप कुठं जाते कळत नाही. जाग येते ती रस्त्यावरच.

२६ मे

नीलमला फोन लागला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी बोलत होतो, ओरडत होतो. तिला फक्त काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता, तसं ती कुणाला तरी म्हणाली. मागं आरोही विचारत होती, बाबा कधी येणार.

मग बॅटरी संपली. ऑफिसला जायचं तर आता दगडाच्या अलीकडं पाय पडत नाही.

२९ मे

थकलो. एवढंच. भ्यायलासुद्धा त्राण नाही — उजवी बाजू झाली की डावी वाढलेली असते — डावी झाली की —

वहीत एक कोरा छापील कागद होता. देणार: नागेंद्र. सही केली. घेणाराची जागा मोकळी ठेवली. दगडावर ठेवला, वर खडा, खड्याशेजारी पेन. कुणीतरी येईल. कोण, ते मनात आणलं नाही. हे पेन्सिलीनं लिहितोय.

३० मे

नवा माणूस आला. सौरव. माझ्या जागी. दगडापाशी थांबला, कागद वाचला, पेन उघडलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो. मनात म्हणत होतो, कर, कर.

कागद तसाच खाली ठेवला. वाचल्याशिवाय सही करणारा नव्हता.

कागद उचलून फाडायला हवा. फाडतो. एवढा पट्टा झाला की —

१ जून

फाडला नाही.

२ जून

नीलम आली. आक्कानं आणलं. आरोही गणवेशात, पाठीला दप्तर. बाबा सोडतील तरच शाळेत जाणार म्हणून बसली होती. नीलमनं दगडावर डबा ठेवला. माझ्याकडं बघितलं — माझ्यातून पलीकडं —

आक्का तिला सांगतेय. हितंच हाय त्यो. भाकरी खातोय. मोकळ्या जागी नाव पडलं की मानूस सुटतोय बग, माझा सुटला.

नीलम तोंडाला पदर लावून खाली बसलीय. तिचं लक्ष नाही.

कागद. खडा बाजूला झालाय. नीलम, मागं बघ — पोरीच्या हातात पेन — आक्का, तिला धरा — मोकळी रेघ दिसली की ती —

जीभ बाहेर काढून, सावकाश, रेघेवर —

आ

रो