मॅक्सेनची ऑगस्टमधली परीक्षा

९ ऑगस्ट

आज रग्बी अकादमीत मॅक्सेनच्या डोक्याची परीक्षा. कॉम्प्युटरसमोर बसवतात, शब्द लक्षात ठेवायला लावतात, आकडे उलटे म्हणायला लावतात. निकाल जपून ठेवतात – पुढे रग्बीत डोक्याला मार लागला की पुन्हा तीच परीक्षा घेऊन ताडून बघायला.

बापाने, डिल्विनने, पोराला आधीच पढवलं होतं. "दहातले चार चुकव. मग सीझनमध्ये कितीही आपटलास तरी कुणाला फरक कळणार नाही." सगळीच पोरं असं करतात म्हणे. मी म्हटलं, "आपल्या मॅक्सेनला मठ्ठपणा मुद्दाम करावा लागतो होय?" तिघंही पोट धरून हसलो.

२१ सप्टेंबर

सात नंबरची जर्सी मिळाली! डिल्विन गावच्या क्लबात सगळ्यांना सांगून आला. भिंतीवर मॅक्सेनच्या जर्सीसाठी खिळासुद्धा ठोकून आला. अरे, मोठ्या टीमचा करार एप्रिलमध्ये आहे, म्हटलं. तर म्हणे, "तिसांतली आठ पोरं घेणार. आपला नाही तर कोण?"

वीस वर्षं याने त्या क्लबासाठी स्क्रमच्या रेटारेटीत मान घातली, पण याला स्वतःला वरून कधी बोलावणं आलं नाही. ते सगळं आता पोराच्या पाठीवर.

१२ जानेवारी

चिखलच चिखल. टॅकल करून समोरच्याला पाडताना त्याचा गुडघा मॅक्सेनला कानाच्या वर बसला. उठला, आणि सरळ दुसऱ्या टीमच्या रांगेत जाऊन उभा राहिला. लोक हसले. मीही हसले, आधी. मग अकादमीची फिजिओ नॉन धावत गेली आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

तीन आठवडे खेळायचं नाही. मग पुन्हा परीक्षा.

२० जानेवारी

मॅक्सेन गाडी शिकतोय. आज चर्चहून येताना तो चालवत होता, मी शेजारी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. "आई, आता डावीकडे की सरळ?"

जन्मल्यापासून या वळणाने घरी येतोय.

डावीकडे, म्हटलं. गाडी लावल्यावर बराच वेळ स्टिअरिंग सोडलं नाही त्याने. म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. नॉनला तर मुळीच नको. फक्त एप्रिलपर्यंत, आई."

मी हो म्हटलं. का म्हटलं?

४ फेब्रुवारी

परीक्षा पास. ऑगस्टएवढेच मार्क, एक जास्तच. नॉन म्हणाली, "एकदम ठीक आहे हो, डॉक्टरांनीही हो म्हटलंय. आता काळजी सोडा." मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

५ फेब्रुवारी

पुन्हा खेळायला लागला.

२ मार्च

उजेड सहन होत नाही त्याला. जेवतानाही पडदे ओढून बसतो. मटण आणि लीकच्या पातीचा रस्सा केला होता, त्याचा आवडता. दोन घास खाऊन म्हणाला, "आज वार कोणता?" शनिवार, म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग डिल्विननेही मान वर करून विचारलं, "आज वार कोणता गं?"

डिल्विनचं हे दोन वर्षांपासून चाललंय. आम्ही त्याची थट्टा करतो. सत्तेचाळीसचा आहे डिल्विन. आज दोघं एकाच टेबलावर बसून एकच प्रश्न विचारत होते. मी भांडी घासायला उठले आणि नळ सोडून रडले.

१७ मार्च

डिल्विनला सांगून टाकलं. वळणाचं, उजेडाचं, सगळं. म्हणाला, "रग्बी खेळणाऱ्या कुणाचं डोकं दुखत नाही? माझं नाही दुखलं? मला काय झालं?"



जाताना म्हणाला, "इतक्या जवळ येऊन पोराच्या पोटावर पाय देऊ नकोस."

११ एप्रिल

घेतलं त्याला. आठांत आहे.

कोच गार्मननी आम्हा तिघांना खोलीत बसवलं. "असा निडर पोरगा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही," म्हणाले. डिल्विन खिडकीकडे तोंड करून नाक पुसत होता. मॅक्सेनने सही केली, मग पेन तसंच धरून माझ्याकडे वळला. "तारीख काय, आई?" गार्मन हसले, "आनंदात तारीखही विसरला वाटतं! अकरा एप्रिल." त्याने लिहिलं. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "साल?"

साल मी सांगितलं. सगळ्यांनी हात मिळवले. येताना डिल्विन गाडीत गात होता.

१५ एप्रिल

मॅक्सेन सव्वाआठच्या बसने प्रॅक्टिसला गेला. बस दिसेनाशी झाली तशी मी नॉनला फोन केला. सगळं सांगितलं, अगदी ऑगस्टपासून. ती म्हणाली, "मी अकादमीच्या दारातच थांबते, त्याला मैदानात जाऊ देत नाही."

पोरगा अजून बसमध्येच असेल.