तांब्यासाठी दार

३ जून
आज प्रयोगशाळेत रुजू झालो. टेबल खिडकीपाशी, खाली सायकलींची रांग. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, इथे चहा स्वतः करायचा आणि कपही स्वतःच विसळायचा. काम मनाजोगं: निसर्गात नसलेलं प्रथिन रचायचं. पेशीच्या पातळ पडद्यात ते दारासारखं बसेल आणि साठलेलं तांबं बाहेर नेईल. माझ्या धाकट्या बहिणीच्या यकृतात, मेंदूत तांबं साठतंय. घरात सगळे तिला टकळी म्हणायचे. आता जीभ जड झालीय, हात कापतात. आई आणि ती माझ्याकडेच राहायला आल्यात.

१९ सप्टेंबर
उंदरांवर जमलं! आज बाईंनी सगळ्यांचे कप विसळले.

११ जानेवारी
परवानगी मिळाली. पहिली रुग्ण टकळीच. सुई टोचताना अडखळत म्हणाली, दादा, गंजले तर तेल घाल हं. आई हसता हसता रडली.

२ मार्च
टकळी पुन्हा सुरू! हात कापत नाहीत. जिन्यात शेजारणीला धरून ठेवते, सोडतच नाही. आई तिची वेणी घालते, कुशीत घेऊन बसते. जन्माचं सार्थक झालं म्हणते.

२० मार्च
आई पांढरीफटक पडलीय. दोन पायऱ्या चढली की धाप. डॉक्टर म्हणाले, अंगातलं लोह संपत आलंय, कुठे जातंय कळत नाही. टकळी तिचे पाय चेपत बसते.

२४ मार्च
बाईंनी पिंजरा दाखवला. औषध दिलेला उंदीर टुणटुणीत. त्याला बिलगून झोपणारे, औषध न दिलेले, पांढरेफटक पडून मेलेले. प्रथिन कातडीपर्यंत पोचलंय. तांबं बाहेर सोडतं, आणि जो शिवेल त्याचं लोह आत ओढतं. धावत घरी आलो. आई गेली होती. टकळीच्या मिठीत.

२६ मार्च
टकळी म्हणते, माझ्या हातात प्राण सोडला, तेवढंच समाधान. कसं सांगू तिला? बाई म्हणतात, प्रथिनाचा जोर वाढतोय, तिला वेगळी ठेव, उतारा शोधू. मी लांब बसतो. विचारते, दादा, रागावलास का?

२७ मार्च
ओळखलं तिने. माझ्या तोंडावरूनच. हातमोजे मागितले फक्त. घालून भिंतीपाशी जाऊन बसली.

२८ मार्च
जेवत नाही. म्हणाली, म्हणजे आता मला कुणी कधीच जवळ—

२९ मार्च
रडतेय. आवाज न करता. उतारा सापडेल, पण तोवर—
जवळ जाऊन बसलो. नको नको म्हणत मागे सरकली. मागे भिंत.
डावा हात तिच्या डोक्यावर ठेवलाय. उजव्याने लिहितोय. जरासाच ठेवणार— केस विंचरलेले नाहीत कधीचे— माझी बोटं गार— दादा सोड म्हणतेय, सोड ना रे— सोडतो, सोडतो, हे एवढं—