टोपलीखालचं पाऊल

२४ एप्रिल ८४, मंगळवार

रजेवर गेलेली ड्रॉइंगची बाई परत आली आणि शाळेने मला नारळ दिला, त्याला महिना झाला. आजपासून पुन्हा कमावता. पाऊस लागेपर्यंत वाघाचे पाय काढायचे, वनखात्यात, रोजंदारीवर. जंगलातल्या गाडीवाटेवर जागोजागी धूळ चाळून सपाट पट्टे केलेत. सकाळी जाऊन बघायचं, कोण चालून गेलं. वाघ असला तर ठशावर काच ठेवायची, काचेवर स्केचपेनने पाय गिरवायचा, मग कागदावर उतरवायचा. साहेब म्हणाले, डावा मागचा पाय नीट काढ, त्यावरून वाघ ओळखतात. ड्रॉइंग मास्तरच्या परीक्षेत आम्हाला पाय कधी आला नाही.

सोबतीला मडावीभाऊ, वनमजूर. (पुढे म.भाऊ.) पन्नाशीचा, गाणारा, भित्रा. मुक्काम कोसमटोल्याच्या नाक्यावर, एका खोलीत. खोलीत विंचू. म.भाऊ म्हणतो, ‘तो पहिलेपासून राहते, आपन नवे आहो.’

२८ एप्रिल, शनिवार

मजा आहे. खरंच मजा आहे, लिहून ठेवतो, नाहीतर पुढे कबूल करणार नाही. उजाडता निघायचं, ऊन चढायच्या आत परत. दुपारी ठसे शाईने पक्के करायचे, मग नदीत पडून राहायचं. पाणी गुडघाभर, पण पडायला पुरतं. चारं, म्हणजे चारोळीची फळं, खाऊन तोंड जांभळं. तेंदूपत्ता गोळा करतात त्या फडीवरच्या मुनशीने पाटी रंगवून घेतली, बदल्यात आंबे.

आज पहिली वाघीण काढली. वाटेच्या मधोमध चालते, कडेला सरकत नाही. नाव ठेवलं पाटलीण.

बाबांचं पत्र. आमच्या मूल गावात राइस मिलमध्ये कारकुनाची जागा आहे, मालक त्यांचा जुना विद्यार्थी. ११ जूनला, सोमवारी, हजर व्हायचं. ‘आता चित्रं पुरे,’ असं शेवटी. चित्रं पुरे हे मलाही पटतं. मग पुढे काय, तेवढं सुचत नाही. मिलमधल्या खुर्चीत मी, हे चित्र मात्र काही केल्या काढता येत नाही.

४ मे, शुक्रवार

गावातले एक आजोबा परवा वारले. सकाळी त्यांची म्हातारी, बायजाबाई, नाक्यावर आली. ‘बाबू, तुमी पाय ओळखता म्हनते. आमच्या घरचा पाय पाहून द्या.’

मला आधी कळलं नाही, मग कळलं. माणूस गेला की घरात जमिनीवर पीठ पसरतात, बोटाने सपाट करतात, वरून टोपली पालथी घालतात, टोपलीवर वजन ठेवून दार लावतात. सकाळी टोपली उचलायची. पिठात जो पाय उमटला असेल, त्या जन्माला माणूस गेला. आमच्याकडेही होतं हे, आजीपर्यंत. छप्पन साली दीक्षा घेऊन आले त्या दिवशी बाबांनी ती टोपली चुलीत घातली.

नाही म्हणायला हवं होतं. म्हातारी उन्हात उभी होती. गेलो.

टोपली उचलली. पिठात काही नाही. एका बाजूला जरा भेग, पीठ बसतं तशी. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघतंय. सून पोटुशी. म्हटलं, ‘लेकराचा पाय दिसतो.’

काय रडली म्हातारी. आनंदाने. सुनेच्या पोटाला हात लावून नवऱ्याला ‘आले काय हो’ म्हणाली. मी बाहेर येऊन विडी मागितली, मी विडी ओढत नाही.

८ मे, मंगळवार

गावात माझी पत वाढली. रस्त्यात लोक थांबून रामराम, जयभीम, काय सुचेल ते करतात. बायजाबाईने मोहफुलाच्या भाकरी पाठवल्या. म.भाऊ म्हणतो, ‘बाबू, तुमाले कायले पायजे मिल? येथी लोक मरूनच राह्यले, काम सरते काय?’

हसलो. पण खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी वाट बघत दारात उभं होतं. ड्रॉइंगचा तास पोरं खेळाचा तास समजायची.

१५ मे, मंगळवार. बुद्धपौर्णिमा

सुट्टी घेऊन चामोर्शीला मामाकडे. विहारात वंदना, खीर, मामेबहिणीच्या लग्नाची बोलणी, विहाराच्या मांडवाला रंगीत कागद मीच कापले. बाबा मूलहून आले. मला बाजूला घेतलं. बातमी त्यांच्या आधीच येऊन बसली होती.

‘पीठ वाचून राह्यला म्हनते तू.’

सगळं सांगितलं. रागावतील वाटलं. पण म्हणाले: ‘म्हातारीचं मन राखाले एक डाव बोलला, ठीक. दुसऱ्या डाव बोलशीन तं तो धंदा होते.’ मी शब्द दिला. वंदनेला त्यांच्या शेजारी बसलो होतो, आवाज त्यांचा अजून शाळेतल्यासारखा खणखणीत. खूप बरं वाटलं.

२० मे, रविवार

शब्द मोडला. पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, माणूस आला, त्याची बायको गेली. म्हटलं, जाऊन खरं सांगू, यात काही दिसत नसतं. एवढंच सांगायला गेलो.

टोपली उचलली आणि पिठात पाखराचा पाय. एकच. तीन बोटं पुढे, एक मागे, नखांची टोकं सुईने टोचावी तशी. घरात कोंबडी नाही, तो माणूस माळकरी आहे. टोपलीवर जात्याची तळी होती, मीच उतरवली. सवयीने पिशवीतून काच काढली आणि पाय गिरवला. वाघिणीचा गिरवतो तसाच.

‘पाखरू,’ मी म्हटलं. तो म्हणाला, ‘हलकीच होती ते.’

परत येताना म.भाऊ गायला नाही.

२४ मे, गुरुवार

सकाळी तिसऱ्या पट्ट्यावर पाटलीण. नेहमीसारखी मधोमध. तिच्या शेजारून अनवाणी माणूस चाललेला. मागून नाही, पुढून नाही, शेजारून, तिच्याच चालीने. जिथे ती थांबली तिथे तो थांबलाय. आणि पाऊल फक्त डावं. उजवं कुठेच नाही.

म.भाऊला म्हटलं, कोणी गावातला असेल, लंगडी घालत गेला असेल. तो म्हणाला, ‘वाघासंगं लंगडी?’ आणि पट्ट्याच्या बाहेर जाऊन उभा राहिला, आत येईना.

काच ठेवून माणसाचा पायही काढला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. काढताना वाटलं, हा पाय मी आधी कुठेतरी पाहिलाय. कुठे, ते आठवेना.

दुपारी नदीवर. पाण्यातून बाहेर येऊन तापलेल्या दगडावरून चालत गेलो, कपडे घेतले, वळलो. दगडावर माझीच ओली पावलं वाळत होती. डाव्याची करंगळी शेजारच्या बोटावर. सात वर्षांचा असताना बैलगाडीचं चाक गेलं होतं तिच्यावरून.

पट्ट्यावर मी कधी अनवाणी गेलो नाही. साहेबांचा हुकूम आहे, चपला घालूनच, कडेने. खोलीवर येऊन कागदावर पाय ठेवला. रेघेला रेघ. भीती वाटते आहे, स्पष्ट लिहितो. म.भाऊला सांगितलं नाही.

२८ मे, सोमवार

आज जायचं नव्हतं. पण गावातल्या सोनाबाईचा एकुलता पोरगा गेला, बिरजू, माझ्याच वयाचा. मध काढायला झाडावर चढला होता, फांदी मोडली. तिला कोणी नाही आता. तिच्यासाठी म.भाऊच बोलवायला आला, तो तिचा मानलेला भाऊ. ‘चाला बाबू. तुमीच उचला.’

दारात चपला काढल्या. सोनाबाईने पाय धुवायला तांब्या दिला, रीतच आहे. धुतले, आत गेलो. टोपलं मोठं होतं, मोहफुलं वेचायचं. त्यावर पाटा. पाटा म.भाऊने उतरवला, टोपलं मी.

पिठात डावं पाऊल. माणसाचं, पूर्ण, टाच खोल रुतलेली, जसा कोणी आत्ता इथून उठून गेला. करंगळी शेजारच्या बोटावर.

काच काढली नाही. कसाबसा म्हणालो, ‘माणसाचा पाय आहे.’

सोनाबाई पिठाकडे बघतच नव्हती. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मी उंबरठ्यापासून आत चालत आलो होतो, ती माझी ओली पावलं बघत होती. मग माझा पाय. मग माझं तोंड. हळूच म्हणाली, ‘आला काय बाबू?’

कोणी हसलं नाही, कोणी तिला आवरलं नाही. तिने ताटात आंबील वाढली आणि समोर बसली, पदराने वारा घालत. बिरजूची जागा ती, खांबाशी, भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. माझं डोकं बरोब्बर त्या डागावर टेकलं.

मी नाही म्हणालो नाही. जेवलो. तिच्या हातची आंबील आंबट, गार, छान होती, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.

२ जून, शनिवार

काम संपलं. साहेब खूश, पुढच्या उन्हाळ्यात ये म्हणाले. कागदांच्या गठ्ठ्यात तो माणसाचा पाय मी दिला नाही, जाळला. जळताना तळवा सगळ्यात शेवटी गेला.

सोनाबाई रोज नाक्यावर येत होती, डबा ठेवून, घडीभर बसून जात होती. आज म्हटलं, जातो, मूलला नोकरी आहे. ती म्हणाली, ‘जाजो. मले उचलाले येजो.’

म्हातारं माणूस, प्रेताला खांदा म्हणत असेल, असं मी धरून चाललो. एसटीत बसल्यावर कळलं, टोपलीचं म्हणत होती.

६ जून, बुधवार. मूल

घर. आंबे, पाहुणे, मामेबहिणीच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं टाकायला मीच. नवीन शर्ट शिवून आला, मिलसाठी. मालकाला भेटून आलो, चांगला माणूस, चहा पाजला, खुर्ची दाखवली. पंख्याखाली आहे. तिथे बसून हसू आलं, की हेच ते, न काढता येणारं चित्र. वाईट नाही. अंगणातल्या पोत्यांच्या उडत्या कोंड्याने जमीन पांढरी झाली होती, तिच्यावरून हमाल जात-येत होते. मी खाली बघितलं नाही.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. पाखरू, पट्टा, सोनाबाई. मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, ‘दाखव पाय.’ चष्मा लावून करंगळी बघितली. ‘असा पाय दुनियेत एकाचाच असन काय? गाड्या काय तुयाच पायावरून गेल्या?’

‘नाई बाबा.’

‘मंग झालं.’ चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसत होते. आईला म्हणाले, याला दोन दिवस बाहेर पाठवू नको, उन्हाचं आहे हे.

१० जून, रविवार

सकाळी दारात म.भाऊ. पहिल्या एसटीने आलेला, धोतर धुळीने लाल. मी ओळखलं, त्याने तोंड उघडायच्या आधी.

सोनाबाई परवा गेली. ऊन लागलं. म.भाऊने गावकऱ्यांना सांगून काल संध्याकाळी पीठ पसरलं, टोपलं झाकलं, पाटा ठेवला. कोणी उचलायचं नाही. ‘तिनं सांगून ठेवलं होतं, माया पोरगा उचलन. आता तुमी येसान तं उचलू, नाई येसान तं तसंच राहन. मी कोनाले हात लावू देनार नाई.’ एवढं बोलून ओट्यावर बसला, आईने दिलेलं पाणी दोन तांबे प्याला.

एकची बस आहे. तिने गेलो तर रात्री कोसमटोला, टोपलं उचलायचं उद्या सकाळी, आणि उद्या सकाळी मिलचा सोमवार. मालक एक दिवस थांबणार नाही, त्याला मागे चार पोरं उभी आहेत. आणि खरी गोष्ट लिहायची तर मिलचं मी निमित्त करतो आहे. टोपल्याखाली काय असेल याला घाबरतो आहे. आणि त्याहून जास्त, काही नसेल याला. काही नसेल तर ती म्हातारी कोणाला वाढत होती.

आई चुलीपाशी, पाठमोरी. मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता म्हणतील, चुलीत घाला ती टोपली. मला तेच हवं होतं बहुतेक.

बाबा म.भाऊला म्हणाले, ‘तुमी जेवून घ्या भाऊ.’ मग खुर्चीतून उठले, माझ्यापाशी आले. इतक्या जवळ ते सहसा येत नाहीत. हळू आवाजात, वंदनेतल्या आवाजात नाही:

‘जाशीन तं जा. तिनं पोरगा म्हटलं तुले. पन चपला घालून जा. तेथी घरातबी काढू नको. आयकलं?’

म्हटलं, हो.

पिशवी भरली. दोन ओळी लिहून निघतो म्हणून बसलो, बारा वाजून गेले. म.भाऊ हात धुतोय. चपलांपैकी उजवी दारात आहे, मी काढली तिथेच. डावी सापडत नाही. आई कुत्र्याला शिव्या देत मागच्या अंगणात बघून आली. बाबा अजून खाटेखाली वाकून काठीने चाचपडताहेत. मी म्हटलं, राहू द्या बाबा, अनवाणीच जातो, बस जाईल.

‘थांब,’ म्हणताहेत, ‘तू जागचा हलू नको. मी शोधतो.’