उलट्या आट्यांची चावी

चि. धाकट्यास,

तुझ्या मुख्यमंत्र्यांना सल्ला देणारं शहाणं माणूस एकही नाही का, ते आधी सांग, मग तुझी खुशाली कळव. (आशीर्वाद आहेतच, ते काय पळून जात नाहीत. माझा गुडघा बरा आहे. तुझं पित्त कसं आहे?) राजधानीत बसून हुकूम काढायचा की सगळ्या पालिकांनी पाण्याच्या चाव्या सरकारजमा कराव्यात, यापुढे गावोगावचं पाणी तिकडून बटण दाबून सुटेल! आणि हुकूम टाइप कोणी केला? माझ्या सख्ख्या भावाने. बावीस वर्षं मी रोज व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरून या गावाला पाणी सोडते, माझ्याआधी आबा सोडायचे. टाइप करताना तुझी बोटं जरासुद्धा अडखळली नाहीत?

आमचे नगराध्यक्ष म्हणाले, चावी देणार नाही. (कुठल्याशा सभेत मुख्यमंत्र्यांनी त्यांना मागच्या रांगेत बसवलं होतं, तेव्हापासून दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद. जे काय ते कागदावर, तेही चिडून.) मग तिकडून कागद आला, चावी द्या नाहीतर पालिका बरखास्त. दिली मुकाट्याने. इंजिनिअर आला, व्हॉल्व्हच्या दांड्याला, जिथे चावी बसते तिथे, मशीन जोडायला लागला. मी म्हटलं, साहेब, आमचा व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा आहे, उघडायला उजवीकडे फिरवावा लागतो, डावीकडे फिरवलात तर आवळत जाईल. त्याने विचारलं, शिक्षण किती? चौथी, म्हटलं. मग गप्प राहा म्हणाला. राहिले. (गप्प राहायला चौथी भरपूर होते.)

मंगळवारी मुख्यमंत्री स्वतः आले. पालिकेच्या अंगणात मांडव, मधोमध नवा कोरा नळ, आणि सारं गाव बादल्या घेऊन हजर. (तुझी सासू सगळ्यात पुढे, तीन बादल्या.) मुख्यमंत्र्यांनी बटण दाबलं. नळ थुंकलासुद्धा नाही. पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. खड्ड्यातलं मशीन कण्हायला लागलं, बंद व्हॉल्व्ह आणखी आवळत होतं ना! मुख्यमंत्री कडाडले, हा पालिकेचा दगाफटका आहे, आजच्या आज बरखास्त करतो. नगराध्यक्ष इतका वेळ मिशीत हसत होते, ते पांढरेफटक पडले. मीही पडले. पालिकाच नसेल तर मला कोण ठेवणार? बाह्या सरसावल्या, खड्ड्यात उतरले, पान्याने मशीन सोडवून बाजूला फेकलं आणि त्याच पान्याने दांडा उजवीकडे फिरवला.

पाणी असं आलं की नळाचं तोंडच उडालं, आणि दोघेही पुढारी एकाच धारेत न्हाऊन निघाले. दोन वर्षांनी पहिला शब्द मुख्यमंत्र्यांनीच काढला, "टॉवेल आहे का हो?"

"एकच आहे," नगराध्यक्ष म्हणाले. "तुम्ही आधी पुसा."

त्या ओल्या टॉवेलावरच निकाल लागला. आमच्या गावाची चावी गावातच राहणार. मुख्यमंत्री सांगत सुटलेत, हा माझा मोठेपणा. नगराध्यक्ष सांगतात, हा माझा लढा. सांगू देत. चावी परत माझ्या खुंटीला लटकते आहे, आणि आठ दिवसांनी काल मला धड झोप लागली. तुझ्यावरचा रागही उतरला, जवळजवळ.

तुझी ताई

ता.क. : नवा हुकूम टाइप करायला तुझ्याच टेबलावर येईल. त्यात 'चावी फिरवणारा दहावी पास असावा' असं घुसवलंय म्हणे. तिथे 'चौथी' कर. तुझी बोटं अडखळत नाहीत, हे मला ठाऊकच आहे.

ता.क. दुसरं : उलटे आटे ही कारखान्याची चूक, असं मी गावभर सांगितलंय. (आबांनी व्हॉल्व्ह मुद्दाम तसा मागवला होता. जाताना मला म्हणाले, पोरी, सरळ व्हॉल्व्ह कोणीही फिरवतं.) हे पत्र वाचून फाड.

ता.क. शेवटचं : शनिवारच्या आत उत्तर पाहिजे. तुझी सासू खालच्या आळीत राहते, आणि तिथलं पाणी रविवारी सकाळी मी सोडते. सोडायचं असलं तर.