पालखीच्या व्हिडिओत राहिलेलं वाक्य

अप्पा,

तुम्ही देवळातून येईस्तोवर मी मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात पोचलेली असेन, म्हणून ही चिठ्ठी. पेज झाकून ठेवलीय, आधी खाऊन घ्या.

शिमग्याच्या पालखीचा व्हिडिओ मुंबईला दादूकाकाला पाठवला, तुमच्याच फोनवरून. "तीन वर्षं भावाला घर आठवत नाही" हे तुमचं मधलं बोलणं सांगितलंत तसं कापलं आणि दोन तुकडे जोडले. पण चित्राला धक्का न लावता कापायचं, तर हवं तिथे कापता येत नाही. दर तीन-चार सेकंदांनी एक जागा येते, पुढचा तुकडा तिथूनच सुरू होतो. त्यामुळे त्या बोलण्यातलं तुमचं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं: "काय पण सांग, पालखी नाचवावी ती दादूनंच."

सगळा व्हिडिओ नव्याने तयार केला असता तर तेही गेलं असतं. पण मग चित्र पुसट होतं, असं मी तुम्हाला सांगणार होते. खरं म्हणजे माझाच हात धजला नाही. रागवायचं तर रागवा.

तुम्ही गेल्यावर काकाचा फोन आला. तेवढंच परत परत लावून ऐकलं म्हणाला. मग विचारतो, "बाजारात सुरमई आलीय का गं?"

तीच आणायला गेलेय. माळ्यावरची त्याची गादी तेवढी उन्हात टाका. संध्याकाळी पोचतोय तो.

सानवी