छोटे पास

शनिवार, संध्याकाळ. हेंद्रेपाडा

राग जातच नाहीये. कॉलेजच्या नव्या फुटबॉल कोचने मुलींना महिनाभर शिकवलं, चेंडू लांब मारायचा नाही, मागून छोटे पास देत वर न्यायचा. पण बघायला आलेल्या आमच्या लोकांना पहिल्याच सामन्यात गोल हवेत. माझ्या भाचीने, ईशाने, गोलकीपरकडे पास दिला की ओरडायचे, "ए पोरी, सारखी माहेरी काय जातेस?" आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, बघणाऱ्यांनी फक्त टाळ्या वाजवाव्यात. आणि शेवटी मीच उठून ओरडले, "ईशा, लांब मार!" तिने मारला. चेंडू थेट उल्हासनगरच्या मुलींकडे गेला आणि गोल झाला. कोचने तिला बाहेर बसवलं. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मावशी, त्या लोकांचं मी ऐकतच नव्हते गं."